कार्निटिन: चरबीची फेरीबोट

माझा भाचा गेल्या महिन्यापासून जिमला जातो. परवा त्याने एक भलामोठा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. "मावशी, हे घेतलं की चरबी जळते. हे बघ, लिहिलंय." डब्यावर ठळक अक्षरांत 'फॅट बर्नर' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'एल-कार्निटिन'. मी म्हटलं, "अरे, कार्निटिन काहीच जाळत नाही. ते फक्त पलीकडे नेऊन सोडतं." त्याला ते पटलं नाही. जिममधल्या त्याच्या मित्रांनाही पटायचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

1905 साली रशियात गुलेविच आणि क्रिम्बर्ग यांना मांसाच्या अर्कात हा पदार्थ सापडला. लॅटिनमधल्या मांसाच्या शब्दावरूनच त्याचं नाव पडलं. पण तो करतो काय, हे पुढची चाळीस वर्षं कुणाला सांगता येईना. धागा सापडला तो पिठातल्या अळ्यांमुळे. एका जातीच्या अळ्या एका अज्ञात पदार्थावाचून मरतात, हे फ्रेंकेल या कीटकशास्त्रज्ञांनी दाखवलं आणि त्या पदार्थाला 'बी-टी जीवनसत्त्व' म्हटलं. 1952 मध्ये कळलं, की हे तर आपलं जुनं कार्निटिन! माणसासाठी मात्र ते जीवनसत्त्व नाही, कारण आपलं शरीर ते स्वतः बनवतं.

आता त्याचं खरं काम. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. तेला-तुपातल्या पामिटिक आम्लात असे 16 कार्बन असतात. ही साखळी जाळायची भट्टी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आत आहे आणि त्याला दोन पापुद्रे आहेत. जाळण्याआधी मेदाम्लाला 'कोएन्झाइम ए' नावाचा रेणू जोडावा लागतो, पण तो जोडला की आतल्या पापुद्र्यातून जाता येत नाही. इथे कार्निटिन लागतं. बाहेरच्या पापुद्र्यावरचं सीपीटी-1 हे विकर (एन्झाइम) कोएन्झाइम ए काढून त्या जागी कार्निटिन जोडतं. ही जोडी आतल्या पापुद्र्यातल्या एका वाहक प्रथिनातून आत शिरते. आत सीपीटी-2 हे विकर पुन्हा अदलाबदल करतं. मेदाम्ल भट्टीकडे जातं आणि मोकळं झालेलं कार्निटिन परत बाहेर येतं. एक आत, एक बाहेर, असा हिशोब असतो. दाभोळच्या खाडीवरची फेरीबोट ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे लगेच कळेल. बोट गाड्या पलीकडे उतरवते आणि दुसऱ्या खेपेसाठी परत येते. तिच्यात स्वतःचं काहीच खर्च होत नाही. म्हणून थोड्याशा कार्निटिनवर भागतं.

मला सगळ्यात आवडतं ते या धक्क्यावरचं फाटक. जेवणानंतर इन्शुलिन वाढतं आणि यकृत जास्तीच्या साखरेपासून नवी चरबी बनवू लागतं. या कामात सुरुवातीलाच 'मॅलोनिल कोएन्झाइम ए' तयार होतं. तेच जाऊन सीपीटी-1 ला चिकटतं आणि फाटक बंद करतं! मॅकगॅरी आणि फोस्टर या संशोधकांनी 1977 च्या सुमारास हे उलगडलं. किती सुंदर व्यवस्था आहे बघा. एका हाताने चरबी बनवायची आणि दुसऱ्या हाताने तीच जाळायची, असा घोळ पेशीत होतच नाही. काही तास पोट रिकामं राहिलं की मॅलोनिल कोएन्झाइम ए घटतं आणि फाटक उघडतं. स्नायूंतही असंच फाटक आहे. चालायला लागलं की तेही सैल होतं.

मग डब्याचं काय? मोठ्या माणसाच्या शरीरात 20 ते 25 ग्रॅम कार्निटिन असतं आणि बहुतेक सगळं स्नायूंत असतं. शाकाहारी माणसाने घाबरायचं कारण नाही. लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून शरीर ते बनवतं (त्यात क जीवनसत्त्व आणि लोह लागतं), आणि मूत्रपिंडं जवळजवळ सगळं गाळून परत घेतात. फाटक बंद असताना धक्क्यावर आणखी बोटी आणून बांधल्या, तर गाड्या कशा पलीकडे जाणार? शिवाय डब्यातून पोटात गेलेल्यापैकी फार तर 5 ते 18 टक्के रक्तात उतरतं. उरलेलं आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून शेवटी टीएमएओ नावाचा पदार्थ बनतो. 2013 मध्ये हेझन यांच्या गटाने त्याचा संबंध उंदरांच्या रक्तवाहिन्या कडक होण्याशी दाखवला. माणसांबाबत वाद अजून चालू आहे. नॉटिंगहॅमच्या संशोधकांना स्नायूंतलं कार्निटिन वाढवता आलं, पण त्यासाठी 24 आठवडे कार्निटिनसोबत रोज 160 ग्रॅम कर्बोदकं द्यावी लागली. वजन उतरवायला निघालेल्याला हे कसं परवडेल?

कार्निटिन खरोखर लागतं ते वेगळ्याच लोकांना. काही बाळांमध्ये ओसीटीएन-2 हे वाहक प्रथिन जन्मतःच बिघडलेलं असतं. कार्निटिन पेशीत शिरत नाही आणि लघवीतून निघून जातं. एरवी बाळ छान असतं. मग एका रात्री ताप येतो, ते दूध सोडतं आणि सकाळी उठतच नाही, अंग टाकून पडून राहतं. साखर संपलेली असते, चरबी भट्टीपर्यंत पोचत नाही आणि यकृताला चरबीपासून कीटोन हे पर्यायी इंधनही बनवता येत नाही. अशा वेळी घरात कुणी दृष्ट काढायला बसलं, अंगारा लावत बसलं, तर हातचे तास जातात. त्या बाळाला तातडीने शिरेतून साखर हवी असते.

उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर हा आजार दर 300 माणसांमागे जवळपास एकाला आहे. इतरत्र तो हजारो जन्मांमागे एखाद्याला होतो. फेरो बेटांवर काही तरुण अचानक दगावले. पिव्हॅलिक आम्ल असलेली काही प्रतिजैविकं शरीरातलं कार्निटिन आणखी ओढून नेतात, हेही लक्षात आलं. मग सगळ्या रहिवाशांसाठी रक्ततपासणी खुली झाली. ज्यांना दोष निघाला ते आता रोज कार्निटिन घेतात. भाच्याच्या डब्यात आहे, तेच. त्यांच्या हृदयाला ते रोज लागतं, आणि नवजात बाळाची टाच टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातही हा दोष पकडता येतो.