ड्रमच्या सरावासाठी हेडफोन घेताय? आधी एवढं वाचा

(सांगलीत आमच्या दुकानात येणारे ड्रमवादक, क्लासची मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी)

गणपती जवळ आले की ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीवाल्यांच्या तालमी सुरू होतात, परीक्षा संपल्या की मुलांचे ड्रमचे क्लास. दोन्ही वेळेला काउंटरवर एकच तक्रार येते. "काका, चांगला महागाचा हेडफोन घेतलाय, डब्यावर नॉइज कॅन्सलिंग लिहिलंय, तरी स्नेअर कानात घुसतोच." (स्नेअर म्हणजे सेटमधला कडक आवाजाचा ड्रम.) बहुतेक वेळा तो हेडफोन आमच्याकडून घेतलेला नसतो, पण चौकशी मात्र आमच्याकडेच होते. रोज तेच सांगण्यापेक्षा एकदाचं छापून ठेवलेलं बरं.

आधी एक गैरसमज मिटवू. हेडफोन तुमच्या कानांसाठी आहे, शेजाऱ्यांसाठी नाही. अकूस्टिक ड्रमसेट वाजवताना तुम्ही कानावर काहीही चढवा, खालच्या मजल्यावरच्या काकूंना तेवढंच ऐकू जाणार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये पूर्ण सेट त्यात बसवणं कुणालाच जमणार नाही. त्यासाठी जाळीची हेड (ड्रमवर कातड्याऐवजी ताणायची जाळी), लो-व्हॉल्यूम सिंबल किंवा साधा प्रॅक्टिस पॅड लागतो. तो विषय वेगळा, दुकानात आलात की बोलू.

कॅन्सलिंग वेगळं, आयसोलेशन वेगळं

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनमध्ये बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज ऐकतात आणि आतलं सर्किट त्याच्या उलटी लहर तयार करून तो आवाज मारतं. हे उत्तम चालतं, पण सलग आणि खालच्या पट्टीतल्या आवाजावर: एसटीच्या इंजिनाची घरघर, पंखा, विमान. स्नेअरचा ठोका तसा नसतो. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातो आणि त्यातला बराच भाग वरच्या पट्टीतला असतो, जिथे हे सर्किट फारसं कामच करत नाही. शिवाय ड्रमरच्या कानापाशी आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. एवढ्या माऱ्याने काही हेडफोनचे माइकच भांबावतात आणि प्रत्येक ठोक्याला कानात फटफट ऐकू येते. त्यात हेडफोन बिघडलेला नसतो, तो या कामासाठी बनवलेलाच नसतो. प्रवासात तोच वापरा, छान आहे.

आयसोलेशनमध्ये बॅटरी नाही, माइक नाही, सर्किट नाही. जाड कप, घट्ट पॅड आणि डोक्यावर बसणारी पकड, एवढंच. दिसायला ओबडधोबड, थोडा जड, आणि पहिल्या दिवशी कानशिलं दाबल्यासारखी वाटतात. ती पकडच आवाज अडवते. "सैल करून द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो ते यासाठी.

आता हिशोब बघा. समजा कानापाशी ड्रमचा आवाज १०५ डेसिबल आहे. आयसोलेशनने २५ अडवले, तर ८० उरतात. गाणं किंवा क्लिक (लयीची टिकटिक) त्याच्या जरा वर ठेवलं की काम झालं. साध्या किंवा प्रवासी हेडफोनने त्या ठोक्यातले जेमतेम १० अडवले, तर ९५ उरतात. गाणं ऐकू यायला तुम्ही आवाज त्याच्याही वर नेणार. म्हणजे ड्रमचा मारा आहेच, वर गाण्याचाही.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा, की ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पाव तास. १०५ ला पाचएक मिनिटं. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहते, ती या हिशोबाची पावती समजा.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

चांगला आयसोलेशनवाला हेडफोन घेऊन गेलेला मुलगा आठवड्याने परत येतो. "याच्यात ड्रम बद्द ऐकू येतो, बदलून द्या." आम्ही हेडफोन तपासतो, दुसऱ्या सेटवर लावून बघतो, वादकाला बसवतो, अर्धा-पाऊण तास जातो. हेडफोन ठणठणीत असतो.

होतं असं, की जाड कप वरच्या पट्टीतला आवाज जास्त अडवतो आणि खालचा कमी. म्हणून सिंबलची चमक जाते, स्नेअर उशीवर मारल्यासारखा वाटतो, किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, दणका मात्र शरीरातून पोचतोच. ड्रम बद्द लागतो म्हणजे हेडफोन त्याचं काम करतोय. पण मुलाला रोजचा कडकपणा ऐकायची सवय असते. मग तो दोन गोष्टी करतो. एक म्हणजे जास्त जोरात मारतो, त्यात काठ्या तुटतात आणि मनगट दुखतं. दुसरं म्हणजे एक कप कानामागे सरकवतो. स्टेजवर ऑर्केस्ट्रातले ड्रमर तसं करताना दिसतात म्हणून मुलंही करतात. एक कान उघडा टाकला की ड्रमच्या वर यायला गाण्याचा आवाज चढतो. तो दुसऱ्या कानात एकट्याने घुसतो आणि उघडा कान आहे तसाच मार खातो. फुल आवाजावर महिनाभर चालवलेले हेडफोन नंतर "फाटला, खरखरतो" म्हणून परत येतात, आणि कंपनी ते वॉरंटीत घेत नाही. दोष आमच्या माथी.

उपाय सोपा आहे. पहिले चार-पाच दिवस गाण्याचा आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि हातही हलका ठेवा. कान त्या बद्दपणाला सरावतो. अगदीच नको वाटलं तर ड्रमसमोर एक माइक लावून छोट्या मिक्सरमधून थोडा ड्रम हेडफोनमध्ये घ्या. तुमच्याकडे भजनाचा किंवा बँडचा मिक्सर असेल तर नवीन काही घ्यायला नको.

डब्यावरचे आकडे

आकडा बघूनच घेणार असाल तर कुठला आकडा आहे ते बघा. आवाज किती डेसिबल अडतो हे सांगणारे दोन आकडे असतात: एनआरआर हा अमेरिकन, एसएनआर युरोपातला. थ्रीएमचा पेल्टर एक्स-५-ए हा इअरमफ (गोंगाटात कान झाकायचे नुसते कप, गाणं नाही) एकाच वेळी ३१ एनआरआर आणि ३७ एसएनआर आहे. एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर शेजारी ठेवून "हा सहाने भारी" म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय हे सगळे आकडे प्रयोगशाळेतले, नीट बसवलेल्या कपांचे. घरी त्याहून कमीच मिळतात.

ड्रमसाठीच बनवलेल्या विक फर्थ एसआयएच-२ वर कंपनी २५ डेसिबल सांगते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० एम ३५ सांगतो आणि गाण्याची गोडीही त्यात जास्त आहे, पण खिसा रिकामा करतो. शिकाऊ मुलाला पहिला पुरे आहे. आम्ही दुसरा मुद्दाम पुढे करत नाही, हे ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत आहे.

आकड्यापेक्षा फट महत्त्वाची. चष्म्याच्या काडीने पॅड उचललं गेलं की अडवलेले काही डेसिबल तिथूनच आत येतात. बारीक काडीचा चष्मा असेल तर वाजवताना तोच घाला. कुड्या, भिकबाळी, टोपीची कड, दाट केस यांचंही तेच. आणि डोक्याला तेल लावून हेडफोन घालू नका. सांगलीचा उन्हाळा आणि तेल मिळून पॅडच्या रेक्झिनचे वर्षभरात पापुद्रे निघतात.

कानात घालायचे

शुअर एसई-२१५ सारखे कानातले इअरफोन कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३७ डेसिबलपर्यंत अडवतात, पण नीट बसले तरच. फोमची टोपी बोटांत फिरवून काडीसारखी बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, टोपी आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. बहुतेक जण नुसतं दाबतात आणि सोडतात. मग "बेस येत नाही" ही तक्रार ठरलेली.

कुपवाड एमआयडीसीत मशीनवर काम करणारे बरेच वादक आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही हेडफोन विकतच नाही. कंपनीचा इअरमफ घरी असतोच, तेव्हा फक्त एक वायरचा इअरफोन घ्या आणि वर मफ चढवा. दोन्हींच्या आकड्यांची बेरीज करू नका. जास्त आकडा धरा आणि त्यात फार तर ५ ते १० डेसिबल वाढवा. तेवढं ड्रमला भरपूर झालं.

ब्लूटूथ

मोबाइलवरच्या गाण्याबरोबर अकूस्टिक सेट वाजवायचा असेल तर ब्लूटूथ चालतं. गाणं उशिरा आलं तरी तुम्ही जे ऐकताय त्यावरच वाजवता. इलेक्ट्रॉनिक ड्रमला मात्र वायरच हवी. साध्या ब्लूटूथला १५० ते २५० मिलीसेकंद उशीर लागू शकतो. १२० च्या लयीत सोळाव्या मात्रांमधलं अंतरच १२५ मिलीसेकंद असतं. म्हणजे काठी पडल्यावर आवाज पुढच्या ठोक्यावर येणार. इलेक्ट्रॉनिक सेटच्या काही मॉड्यूलना (आवाज तयार करणाऱ्या डब्यांना) मोठी, पाव इंची पिन लागते. छोट्या पिनवर चढवायचं अडॅप्टर हेडफोनबरोबर आम्ही देतो.

आमच्याकडे कसं चालतं

मागच्या खोलीत सेट लावलेला आहे. तुमचा मोबाइल, तुमचं गाणं आणि तुमचा चष्मा घेऊन या, दहा मिनिटं वाजवा, मग ठरवा. डेमोचा पीस वेगळा असतो, तुम्हाला सीलबंद डबाच मिळतो. कानात घालायचे इअरफोन एकदा नेल्यावर परत घेत नाही. ते दुसऱ्याच्या कानात गेलेले तुम्हालाही चालणार नाहीत. ऑनलाइन थोडा स्वस्त मिळेल, नाकारत नाही. तिथे वाजवून बघता येत नाही, आणि सहा महिन्यांनी पॅड फाटलं की त्याच मॉडेलचं पॅड शोधत लोक शेवटी आमच्याकडेच येतात. पॅड बदलायला येताना नुसता फोटो पाठवू नका, हेडफोन बरोबर आणा. एकाच मॉडेलमध्ये जुन्या आणि नव्या पॅडची खाच वेगळी निघते.