चरखी दादरी, १९९६: रीडबॅक बरोबर, उंची चुकीची

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील रेडिओ-गोंधळाचा विषय निघाला की स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील अपघाताचा दाखला हमखास दिला जातो. २७ मार्च १९७७ रोजी तेथील धावपट्टीवर दोन बोईंग ७४७ विमाने धुक्यात एकमेकांवर आदळून ५८३ जणांचा बळी गेला. दोघांनी एकाच वेळी बटण दाबून बोलायला सुरुवात केल्यामुळे नेमका मोलाचा इशारा कर्कश शिट्टीत बुडाला होता. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला. भारतातील नियमांमागे मात्र याहून जवळची घटना आहे, आणि तिचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी कंपनीचे बोईंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाक कंपनीचे इल्यूशिन-७६ हरियाणातील चरखी दादरीजवळ आकाशात धडकले. अनुक्रमे ३१२ आणि ३७, असे दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीभोवतीचा बराचसा आकाशपट्टा हवाई दलासाठी राखीव असल्याने येणारी आणि जाणारी विमाने तेव्हा एकाच मार्गिकेतून समोरासमोर सोडली जात, आणि त्यांच्यातील सुरक्षितता केवळ उंचीच्या फरकावर अवलंबून असे. त्या दिवशी हा फरक १,००० फुटांचा होता. बोईंगला १४,००० फुटांवर थांबवले होते, तर इल्यूशिनला १५,००० फुटांपर्यंतच उतरायची परवानगी होती.

संभाषणाचा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. इल्यूशिनकडून ‘लेव्हल वन फाइव्ह झीरो’ (लेव्हल १५०, म्हणजे १५,००० फूट) गाठल्याचे कळवण्यात आले. नियंत्रकाने तीच उंची राखण्यास सांगितले आणि समोरून बोईंग येत असून ते दिसल्यावर कळवावे, असेही सांगितले. किती मैलांवर, असे इल्यूशिनने विचारले. त्यावर नियंत्रकाने अंतर सांगितले आणि त्याला जोडूनच त्या विमानाची उंची सांगितली : ‘लेव्हल वन फोर झीरो’. पाहत आहोत, असे उत्तर आले. प्रत्यक्षात इल्यूशिन १५,००० फुटांच्या खाली उतरतच राहिले होते.

न्यायालयीन चौकशीने मूळ कारण म्हणून परवानगीविना झालेल्या या उतरण्यावर बोट ठेवले आणि त्यामागे वैमानिकांचे अपुरे इंग्रजी, तसेच कॉकपिटमधील ढिसाळ समन्वय असल्याचे नमूद केले. कझाक बाजूने ढगांतील हेलकाव्यांचा मुद्दा मांडला. वृत्तपत्रांनी उचलून धरला तो मात्र ‘इंग्रजी कच्चे’ एवढाच भाग, आणि उपलब्ध पुराव्याला तो एकट्याने पेलवत नाही. रीडबॅकची, म्हणजे ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवण्याची पद्धत चुकीचा आकडा पकडण्यासाठीच असते. येथे रेडिओवर उच्चारलेला आकडा तर बरोबरच होता. १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ २,४०० फुटांची सूचना ४०० फूट अशी ऐकली गेली आणि मालवाहू बोईंग ७४७ टेकडीवर आदळून चौघे गेले. तेथे वैमानिकांनी चुकीचाच आकडा परत म्हटला होता, पण तो दुरुस्त झाला नाही. दादरीच्या बाबतीत रीडबॅकला पकडता येईल असे रेडिओवर काहीच नव्हते.

इल्यूशिनमध्ये नियंत्रकाशी बोलण्याचे काम स्वतंत्र रेडिओ ऑपरेटर करी. त्याच्या पुढ्यात उंचीमापक नव्हता. उंची पाहायची तर वैमानिकांच्या खांद्यांवरून डोकवावे लागे. म्हणजे ज्याला इंग्रजी ऐकायचे त्याला उंची सहज दिसत नव्हती, आणि ज्यांना ती दिसत होती ते संभाषणासाठी त्याच्यावर विसंबून होते. शिवाय या वैमानिकांची घडण मीटरमध्ये उंची मोजणाऱ्या परंपरेतली. अखेरच्या क्षणी ऑपरेटरच्याच लक्षात घोटाळा आला, त्याने १५० वर जायला सांगितले, विमान किंचित वर उचलले गेले आणि त्याची शेपटी बोईंगच्या डाव्या पंखात घुसली. ते उचलले नसते, तर बहुधा खालून निघून गेले असते.

जमिनीवरची बाजूही रिकामी होती, आणि तिची चर्चा त्या मानाने कमीच झाली. दिल्लीच्या नियंत्रकासमोरच्या प्राथमिक रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल ती उंची मान्य करण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. अपघातानंतर येण्याच्या आणि जाण्याच्या मार्गिका वेगळ्या करण्यात आल्या, उंची दाखवणारे दुय्यम रडार वापरात आले आणि विमानांमध्ये टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा भारताने सक्तीची केली. या तिन्ही उपायांचा इंग्रजीशी संबंध नाही, हे येथे नोंदवायला हवे.

भाषेचे उपाय उशिरा आले. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर वैमानिक आणि नियंत्रकांसाठी सहा पायऱ्यांची भाषाचाचणी ठरली, तिच्यात किमान चौथी पायरी आवश्यक मानली गेली आणि २००८ पासून ती लागू झाली. तयारी नसलेल्या देशांना २०११ पर्यंत सवलत होती. अलीकडे मुंबईच्या अखत्यारीतील अरबी समुद्रावरच्या आकाशात, जेथे लांब पल्ल्याच्या, खरखरीच्या एचएफ रेडिओवर एकच आकडा पुन्हा पुन्हा विचारावा लागे, तेथे सूचना लेखी संदेशाने पडद्यावर पाठवण्याची सोय झाली आहे. विमानतळाजवळ मात्र हे संदेश सावकाश ठरतात, त्यामुळे उतरतानाच्या उंचीची परवानगी अजूनही आवाजीच दिली जाते.