धर्मसंशोधन संस्था आणि विद्यापीठ यांचा सामंजस्य करार

एखाद्या धर्माचं किंवा पंथाचं वाङ्मय जपणारा ट्रस्ट आणि विद्यापीठ, दोघांनी मिळून पीएचडी, सर्टिफिकेट कोर्स, पोथ्यांचं स्कॅनिंग, व्याख्यानं असं काय काय चालवायचं हे ठरवून केलेला लेखी करार. बोलताना सगळे नुसतं 'एमओयू' म्हणतात. कुलगुरू आणि विश्वस्त फाइल धरून उभे असतात तो पेपरातला फोटो याचाच.

देवाणघेवाण अशी की संस्थेकडं पोथ्या, जुने जाणकार आणि पैसा, तर विद्यापीठाकडं गाइड आणि डिग्री द्यायचा अधिकार. संस्था केवढीही मोठी असू दे, पीएचडी तिच्या शिक्क्यावर मिळत नाही, फार तर विद्यापीठ तिला संशोधन केंद्र म्हणून मान्यता देतं. वाराणसीच्या १९३७ सालच्या पार्श्वनाथ विद्यापीठ या जैन संशोधन संस्थेचं बघा, नावातच विद्यापीठ आहे पण तिथं काम करून पीएचडी मिळायची ती बनारस हिंदू विद्यापीठाची! दुसरा मार्ग अध्यासनाचा, म्हणजे संस्थेनं ठेव द्यायची आणि व्याजावर प्राध्यापक, फेलोशिप चालवायची, आणि व्याजदर पडले की पाटी तेवढी राहते, खुर्चीत माणूस नसतो.

कोल्हापुरात हे काम कागदाच्या आधी माणसांनी केलं. शिवाजी विद्यापीठ आलं १८ नोव्हेंबर १९६२ ला, पण सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासूनच राजाराम कॉलेजात अर्धमागधी, म्हणजे जुन्या जैन ग्रंथांची प्राकृत भाषा, शिकवत होते. दिगंबर जैन आचार्य कुंदकुंद यांच्या 'प्रवचनसार' या ग्रंथाची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९३५ ची. वेगवेगळ्या हस्तप्रती जमवायच्या, ओळ न् ओळ ताडून पाठ ठरवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि असल्या प्रती मठांच्या, मंदिरांच्या भांडारातच असतात. तिथं अनोळखी माणसाला पोथी सोडा, कपाटसुद्धा उघडून दाखवत नाहीत. म्हणजे करारात लिहिता न येणारी गोष्ट विश्वास हीच, आणि ती उपाध्यांसारख्या दोन्हीकडं वावरणाऱ्या माणसाकडं होती. पुढं विद्यापीठात समाजशास्त्राचे डॉ. विलास संगवे आले, त्यांनी पोथीऐवजी जैन समाजाचाच अभ्यास केला, तो पण याच परंपरेतला म्हणायला हरकत नाही.

सरकारी पैशावरच्या विद्यापीठात धर्म कसा काय, असं कुणी ना कुणी विचारतंच. घटनेचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण १९७१ च्या डीएव्ही कॉलेज विरुद्ध पंजाब सरकार खटल्यात सुप्रीम कोर्टानं गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा विद्यापीठीय अभ्यास आणि धर्मशिक्षण यात फरक केला. प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या चुकांची कबुली देण्याचा जैन विधी, कसं करायचं हे शिकवणं वेगळं आणि ते कधीपासून, कसं बदलत आलं हे शोधणं वेगळं.

खरी ठिणगी पडते निष्कर्षावरून. एखाद्या विद्यार्थ्यानं दाखवलं की आचार्यांचा म्हणून पूजला जाणारा ग्रंथ दोन-तीनशे वर्षांनी नंतरचा आहे, तर पैसे देणाऱ्या विश्वस्तांना ते कसं रुचणार? म्हणून प्रबंध तपासणारे परीक्षक विद्यापीठच नेमणार, संस्था नाही, हे आधीच लिहून घ्यावं. तसंच स्कॅनचं, मूळ पोथी भांडारात राहिली तरी एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात हवीच, नाहीतर करार संपला की हार्ड डिस्कही कपाटात जाते आणि किल्ली परत त्याच विश्वस्तांकडं.