पॉप्लरची मराठवाड्यातली भावकी

मराठवाड्यात पॉप्लर पोहोचतो तो प्लायवूड होऊन. ‘अल्टरनेट’ नावाने विकल्या जाणाऱ्या प्लायमध्ये टणक लाकडाचा आणि पॉप्लरचा थर एकाआड एक असतो. झाड मात्र इथं दिसत नाही; त्याला उत्तरेतला कडक हिवाळा आणि भरपूर पाणी मानवतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतली जात भारतात आली, पंजाब-हरियाणा-उत्तर प्रदेशच्या शेतांत रुजली आणि हरियाणातल्या यमुनानगरचा प्लायवूड धंदा तिच्यावर उभा राहिला.

नावांचा घोळ मात्र जुना आहे. हिमालयातल्या देशी पॉप्लरला तिथले लोक ‘पहाडी पीपल’ म्हणतात. रुंद, टोकदार पान लांब देठावर झुलताना पाहिलं की पिंपळ आठवणारच. पण पिंपळ वड-उंबराच्या कुळातला. पॉप्लरशी त्याचं नातं नाही. युरोपातही तुलना पानावरूनच झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली आपल्या पारोसा पिंपळाला ‘पॉप्युल्नियस’, म्हणजे पॉप्लरसारखा, असं नाव दिलं. हे झाड तर कापूस-जास्वंदीच्या कुळातलं! एकाच पानात तिकडच्यांना पॉप्लर दिसला, आपल्याला पिंपळ. काश्मीरमध्ये पॉप्लरला ‘सफेदा’ म्हणतात, तर उत्तरेच्या मैदानात सफेदा म्हणजे बहुधा आपली निलगिरी. उत्तरेकडून रोपं मागवणाऱ्याने म्हणूनच शास्त्रीय नाव विचारून घ्यावं.

अ‍ॅस्पेन ही पॉप्लरच्याच प्रजातीतली झाडं. त्यांच्या पानांचा देठ बाजूंनी चपटा असतो, त्यामुळे हलक्या झुळकीनेही पान थरथरतं. युरोपातल्या जातीचं ‘ट्रेम्युला’ हे नाव त्यावरूनच पडलं. अमेरिकेत यूटामध्ये ‘पँडो’ नावाचं अ‍ॅस्पेनचं बन आहे. सुमारे ४३ हेक्टरवरची त्यातली हजारो खोडं एकाच मुळातून फुटलेली आहेत.

पॉप्लरच्या कुळाची खरी भावकी आपल्याकडे शोधायची तर ओढ्या-नद्यांच्या काठचं वाळुंज हे झाड पाहावं. पान अरुंद, म्हणून पॉप्लर कुणाला आठवत नाही. पण नर-मादी झाडं वेगळी, लोंबते तुरे, कापसासारख्या तंतूंवर उडणारं बी, ही सगळी लक्षणं तीच. ते बी फार दिवस जिवंत राहत नाही, लगेच ओली माती मिळाली तरच उगवतं. ऐन त्या दिवसांत ओढा कोरडा असला, तर जुनं वाळुंज उभं असूनही खाली नवं रोप येत नाही.