कांदळवनातील कयाक सफर

खाडीकाठच्या कांदळवनातून वाटाड्याबरोबर कयाकने, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद होडीने केलेली फेरी. सिंधुदुर्गात तारकर्ली-देवबागची कर्ली खाडी आणि गोव्यात मांडवी, साळ या नद्यांत अशा फेऱ्या होतात. पावसाळ्यात त्या बंद असतात.

येथे वल्ह्यापेक्षा वेळ महत्त्वाची. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी निघाले की पाणीच होडीला आत नेते आणि ओहोटी लागली की बाहेर आणते. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. नवख्यांना याच दोन सकाळी सोयीच्या. अष्टमी नुकतीच उलटलेली असल्याने भांगाचे पाणी, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, ओढ कमी असते आणि दुपारचा पश्चिमेचा वारा सुटलेला नसतो. ठोकताळा अर्थात ढोबळच आहे. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा होते. म्हणून निघण्यापूर्वी भरतीचा तक्ता पाहावाच. उधाणात पाणी इतके चढते की फांद्या छातीशी येतात. उलट ओहोटीत रेंगाळलेला गट अरुंद ओहोळात अडकतो. अशा वेळी होडीतून उतरू नये, पाय गुडघाभर चिखलात रुततो. रुतलाच तर ताडकन न ओढता होडीवर पालथे पडून भार तिच्यावर टाकावा आणि पाय हलवत सैल करावा.

होडी बहुधा आत न शिरता वर उघड्यावर बसण्याची असते. आत आलेले पाणी तळाच्या छिद्रांतून निघून जाते. एकट्याची सुमारे ३ मीटर, दोघांची ४ मीटरच्या आसपास. दोघांत सरावाचा माणूस मागे बसतो, कारण दिशा मागून राखली जाते. वल्हे २२० ते २३० सेंटिमीटर लांब. जीवरक्षक जाकीट खांद्याला धरून वर ओढावे. कानांपर्यंत आले तर पट्टे ढिले आहेत. पायांत बंद बूट हवेत, कारण मुळांवरची कालवे, म्हणजे चिकटलेले शिंपले, पात्यासारखी कापतात.

बहुतेक होड्या उलटतात त्या एकाच चुकीने. प्रवाह होडीला आडवी करून फांदीवर नेतो, माणूस घाबरून फांदीपासून दूर कलतो, प्रवाहाकडची कड बुडते आणि पाणी होडी पालथी करते. म्हणून फांदीकडेच कलावे, ती हाताने धरावी आणि होडी सरकवत न्यावी. उलटल्यास होडी सुलटी करून मधोमध यावे, पाय झाडत पोटावर चढावे, मग वळून बसावे.

वाटेत तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, कांदळाची कमानीसारखी आधारमुळे आणि पांढरी चिप्पी दिसते. २०२० मध्ये ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. गोव्यात चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तो मोठ्या होडीतून पाहावा, कयाकमधून नव्हे.