लाईट नाही, टॉवर नाही, तरी शेजारच्या मळ्यात फोन

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाने जोर धरला की एक बातमी ठरलेली असते : लाईट गेली, टॉवरची बॅटरी संपली, गावं संपर्काबाहेर. बातमी खरीच असते, पण तिच्यातून एक गैरसमज घट्ट होत जातो. टॉवर बंद म्हणजे बोलणंच बंद, असं आपण धरून चालतो. शेजारचं घर दोनशे मीटरवर, मध्ये ओढा आणि काजूची बाग. रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर कळवायचं कसं? कौलांवर पाऊस कोसळत असताना हाक अंगणाबाहेरही जात नाही. मोबाईल चालू असतो तेव्हासुद्धा आपला आवाज टॉवरवर जातो, तिथून कुठल्यातरी शहरातल्या यंत्रणेत, आणि मग परत त्याच शिवारात येतो. शेजाऱ्याशी बोलायला एवढा वळसा कशाला? माळ्यावर धूळ खात पडलेले दोन लँडलाईन फोन, दोन बॅटऱ्या आणि मधलं अंतर पुरेल एवढी वायर यावर काम भागतं.

आवाज तारेतून पळत जातो असं अनेकांना वाटतं. काड्यापेटी आणि दोऱ्याच्या खेळण्यात तो खरोखरच दोऱ्यातून जातो, पण टेलिफोनच्या तारेत आवाज नसतोच. तिथे असतो विजेचा प्रवाह, आणि तो आपल्या बोलण्याप्रमाणे कमीजास्त होतो. हवेतून दोनशे मीटर जायला हाकेला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तारेतला बदल तेवढंच अंतर सेकंदाच्या साधारण दहा लाखाव्या भागात कापतो.

हा प्रवाह कमीजास्त कसा होतो, ते बघण्यासारखं आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना 1876 मध्ये पेटंट मिळालं. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत पडदा चुंबकापुढे हलायचा आणि बोलणाऱ्याच्या दमावरच वीज तयार व्हायची. अर्थातच ती फार क्षीण असे. खरी झेप घेतली कोळशाने. हेन्री हनिंग्ज यांनी 1878 मध्ये कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन केला. जुन्या तबकडीच्या फोनमध्ये ओठांसमोरच्या जाळीमागे ते कण असतात. बोलताना पडदा कणांना दाबतो, ते एकमेकांना चिकटतात आणि वीज सहज वाहते. दाब सुटला की विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, वाढतो. शेतात दारं धरणारा माणूस पाणी स्वतः ओढत नाही, मोटारीने आणलेलं पाणी कुठल्या वाफ्यात किती जाऊ द्यायचं ते ठरवतो. आपला आवाज बॅटरीच्या प्रवाहाला असंच दार धरतो. म्हणूनच बोलणाऱ्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी मोठा बदल तारेत जातो. नंतरच्या बटणांच्या फोनमध्ये कोळसा गेला आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट आलं, पण तत्त्व तेच राहिलं.

आता जोडणी. बॅटरीच्या धन टोकाची वायर पहिल्या फोनला, त्या फोनची दुसरी वायर शेजारच्या फोनला आणि तिथून परत ऋण टोकाला. म्हणजे दोन्ही फोन एकाच साखळीत, एकसर. टेलिफोन एक्स्चेंज 48 व्होल्ट देतं, पण फोनला चालायला वीसेक मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. नऊ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या एकसर जोडून 18 व्होल्ट घ्यावेत आणि साखळीत प्रवाहाला आवर घालणारा 200 ते 300 ओहमचा एक रेझिस्टर टाकावा. दोन्हीकडे रिसीव्हर उचलला तरच साखळी पूर्ण होते, त्यामुळे एरवी बॅटरी खर्च होत नाही. चांगल्या अल्कलाईन बॅटऱ्यांवर काही तास सलग बोलता येतं.

मला या यंत्रात सगळ्यात जास्त भुरळ घालते ती एक गोष्ट, आणि तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तारा दोनच, तरी दोघं एकाच वेळी बोलू शकतात. मग माझाच आवाज माझ्या कानात दणदणत का नाही? बोलणारा आणि ऐकणारा भाग तर एकाच तारेला जोडलेला आहे! उत्तर फोनच्या आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. त्याच्या गुंडाळीला मधोमध फाटा काढून तिथे मायक्रोफोन जोडलेला असतो. गुंडाळीच्या एका टोकाला बाहेरची लाईन आणि दुसऱ्या टोकाला लाईनची नक्कल करणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा संच. मी बोललो की प्रवाहातला बदल फाट्यापाशी दोन वाटांनी फुटतो. अर्धा लाईनकडे, अर्धा नकलेकडे. गुंडाळीच्या दोन अर्ध्यांत या बदलांच्या दिशा उलट असल्याने त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात आणि कानाशी जोडलेल्या तिसऱ्या गुंडाळीपर्यंत फारसं काही पोचत नाही. पलीकडून येणारा आवाज मात्र दोन्ही अर्ध्यांतून एकाच दिशेने जातो. तिथे परिणामांची बेरीज होते आणि ऐकू येतं. याची किंमतही आहे : बोलण्यातली निम्मी शक्ती नकलेत वाया जाते.

खोडणी मुद्दामच शंभर टक्के केलेली नसते. स्वतःचा आवाज कानात अजिबात आला नाही तर माणसाला फोन मेल्यासारखा वाटतो आणि तो ओरडायला लागतो. जास्त आला तर पुटपुटायला लागतो. आपल्या दोनशे मीटरच्या लाईनवर खोडणी आणखी कच्ची होते, कारण आतली नक्कल एक्स्चेंजपर्यंतच्या लांब लाईनसाठी बेतलेली आहे. त्यामुळे स्वतःचा आवाज थोडा मोठा येईल. तो बिघाड नव्हे.

या जोडणीत घंटी वाजत नाही. फोनची घंटी वाजवायला सत्तर-ऐंशी व्होल्टचा उलटसुलट प्रवाह लागतो आणि तो घरी करत बसू नये. त्यापेक्षा कॉम्प्युटर नेटवर्कची चार जोड्यांची केबल घ्यावी. एक जोडी बोलायला, आणि दोन जोड्यांवर इकडे बटण तर तिकडे बझर आणि तिकडे बटण तर इकडे बझर. केबल निव्वळ तांब्याची बघून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल रोध वाढवते आणि दमट हवेत तिचे सांधे लवकर खराब होतात.

जोडीतल्या तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असतात, तो पीळ सोडू नये. बेल यांनीच 1881 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. शेजारून जाणारी विजेची लाईन दोन्ही तारांत 50 हर्ट्झची गुणगुण उतरवते. पीळ असला की दोघींत ती सारखीच उतरते आणि वजा होऊन जाते. गवे-डुकरांसाठी सोलर झटका कुंपण लावलेल्या शेतात हे लगेच कळतं. कुंपणाला सेकंदाला सुमारे एक झटका जातो, आणि सुट्या, समांतर ओढलेल्या तारांवर फोनमध्ये तो टक्, टक् असा ऐकू येतो. कुंपणाच्या तारेवरूनच फोन न्यायचा किंवा हेस्कॉम या वीज कंपनीच्या खांबाचा आधार घ्यायचा, असलं धाडस मात्र कोणी करू नये.

वळवाच्या दिवसांत विजेचं भान ठेवावं लागतं. आपल्याकडे अजून सांगतात की पायाळू माणसावर वीज पडते. माणूस पायांनी जन्मला की डोक्याने, याचा विजेशी काडीचाही संबंध नाही. उंच झाड, उघडं शिवार आणि शेतातून घरात आलेली लांब तार यांचा मात्र नक्की आहे. वीज जवळपास पडली तरी लांब तारेत विजेचा मोठा दाब (व्होल्टेज) निर्माण होतो. गडगडायला लागलं की दोन्ही घरांत पिन काढून ठेवायची आणि फोनला हात लावायचा नाही. केबल पीव्हीसी पाईपमधून जमिनीखालून नेणं त्यातल्या त्यात बरं.

वॉकीटॉकीचं काय, असंही लोक विचारतात. जाहिरातीतले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. भिजलेल्या दाट रानात आणि डोंगराच्या आडोशाला त्यातले फारसे उरत नाहीत. शिवाय बाजारातला प्रत्येक सेट विनापरवाना वापरता येतो असं नाही. आपल्याकडे कमी शक्तीच्या सेटना 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सूट आहे, तेव्हा घेण्याआधी डब्यावरचा आकडा वाचावा.

केबल ओढायच्या आधी दोन्ही फोन एकाच घरात, दोन खोल्यांत हातभर वायरवर जोडून बघा. दोन्ही रिसीव्हर उचलून एकात फुंकर मारा. त्याच रिसीव्हरमध्ये ती हलकी ऐकू आली तर साखळी पूर्ण आहे. काहीच आलं नाही तर आधी सांधे तपासा, मग एका फोनच्या दोन वायरी उलट करून बघा. जुन्या बटणांच्या काही फोनना धन-ऋण सरळच लागतं.