हरभऱ्याची अवर्षण चाचणी : मुळांच्या मापापासून पाण्याच्या वेळेपर्यंत

जिरायत हरभरा पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर वाढतो आणि घाटे भरण्याच्या वेळीच तो ओलावा संपत येतो. कडधान्यांच्या अवर्षण सहनशीलतेच्या भारतातील चाचण्या या अखेरच्या ताणाभोवती उभ्या राहिल्या. सुरुवातीची पद्धत सरळ होती : तेच वाण एका पट्ट्यात पाणी देऊन आणि दुसऱ्यात पाण्याविना घ्यायचे व उत्पादनातील घट मोजायची. त्यासाठी 1978 मध्ये गव्हाकरिता मांडलेला ताण-संवेदनशीलता निर्देशांक हरभऱ्यालाही लावला गेला. मात्र मुळातच कमी उत्पादन देणाऱ्या वाणाची घटही कमी दिसते आणि लवकर पक्व होणारा वाण ताण येण्यापूर्वीच काढणीला येतो. म्हणून फुलोऱ्याचा कालावधी व मूळ उत्पादनक्षमता यांचा वाटा गणिताने वजा करण्याची, आधी बाजरीवर वापरलेली रीत पुढे स्वीकारली गेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने लवकर येणे हाही गुणच आहे. पण पैदासकाराला त्यापलीकडचे काही हवे होते.

ते त्याला मुळांत सापडले, असे 1980 च्या दशकात वाटले. तेलंगणातील पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या प्रक्षेत्रावर हरभऱ्याच्या जतन केलेल्या बियाण्याचे दीड हजारांहून अधिक नमुने जिरायत परिस्थितीत तपासल्यानंतर आयसीसी 4958 हा नमुना पुढे आला. त्याची मुळे जोमदार होती आणि दाणाही टपोरा होता. तेव्हापासून मोठी मुळे हाच निवडीचा निकष ठरला. आरंभी शेतात मातीचे ठोकळे खणून मुळे धुऊन मोजली जात. पुढे 120 सेंटीमीटर उंचीच्या पीव्हीसी नळकांड्यांत रोपे वाढवून, साधारण पस्तीस दिवसांनी मुळांची लांबी व खोली मोजण्याची पद्धत आली आणि 211 नमुन्यांचा निवडक संच तीतून गेला.

या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. कोवळ्या रोपाची मुळे घाटे भरताना पाणी शोषतीलच, हे गृहीत धरले गेले होते. त्याची थेट पडताळणी उशिरा झाली. पूर्ण हंगाम रोप वाढवून त्याचे पाणी वजनावर मोजणाऱ्या उंच नळ्या वापरात आल्यावर चित्र बदलले. 2011 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शेतात ताण सोसणाऱ्या वाणांची मुळे संवेदनशील वाणांपेक्षा हटकून खोल किंवा दाट नव्हती. त्यांनी वाढीच्या काळात पाणी राखून वापरले, त्यामुळे फुलोऱ्यानंतर त्यांना ते मिळाले. माझ्या मते हा फरक मूलभूत आहे : आरंभीच जोमाने पसरणारे मूळ भरपूर पाने पोसते आणि मोजका ओलावा लवकर संपवते. जिथे जमीन खोल आहे आणि खालच्या थरात पाणी उरते, तिथे मोठी मुळे नक्कीच उपयोगी पडतात. उथळ जमिनीत तोच गुण अंगावर येऊ शकतो. तरीही बराच काळ मुळांचे माप जमिनीच्या खोलीचा विचार न करता वापरले गेले, याची खंत वाटते.

दरम्यान जनुकीय संशोधनाने आयसीसी 4958 चेच महत्त्व वाढवले. 2013 मध्ये हरभऱ्याचा जनुकीय आराखडा उलगडला. पुढच्या वर्षी आयसीसी 4958 मधील चौथ्या गुणसूत्रावरचा, अवर्षणाशी जोडलेल्या अनेक गुणांचा एक पट्टा निश्चित झाला. तो डीएनएवरील खुणांच्या साहाय्याने पुसा 372 या वाणात आणून पुसा चना 10216 हा वाण 2019 मध्ये प्रसारित करण्यात आला. नंतरच्या अभ्यासांत याच पट्ट्याचा संबंध रोपाच्या सुरुवातीच्या जोमाशी व पानांच्या वाढीशीही आढळला. म्हणजे त्यातून मिळणारा लाभ मुळांचा की पानांच्या छत्रीचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

महाराष्ट्रातील वाट याहून व्यावहारिक राहिली. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून 1993 मध्ये आलेला विजय हा वाण जिरायत, बागायत आणि उशिरा पेरणी अशा तिन्ही परिस्थितींसाठी शिफारस झाला, आणि तो मर रोगालाही टिकला. ही दुहेरी कसोटी योग्यच होती. ओलावा घटला आणि तापमान तिशीपलीकडे गेले की कोरडी मूळकूज हा बुरशीजन्य रोग बळावतो व जिरायत प्लॉटमधील झाडे वाळतात. ही झाडे रोगाने गेली की ताणाने, हे मुळे उपटून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून अवर्षण चाचणीच्या नोंदीत मूळकुजीचे प्रमाण वेगळे लिहिलेले असावे लागते.